मंदीवर फोडलेले खापर : स्पर्धात्मक पेंटबॉल कशाने खचला?

१/
स्पर्धात्मक पेंटबॉलच्या इतिहासाविषयी एक विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्यासाठी आता कोणी पुरावा मागत नाही. खेळ ऐन भरात होता, २००८ ची मंदी आली, प्रायोजकांनी हात आखडले आणि सारे कोसळले, असे ते विधान. जुन्या खेळाडूंच्या आठवणींत ते आहे, चित्रफितींत आहे, उद्योगातल्या मंडळींच्या बोलण्यात तर आहेच. हा थ्रेड त्या विधानाविरुद्ध आहे.

२/
पानिपतच्या पराभवाचे सारे खापर एकट्या सदाशिवरावभाऊंवर फोडणारी मांडणी मराठी वाचकांना नवी नाही. एक माणूस, एक दिवस, एक चूक. एवढ्यावर भागले की रसद, कर्ज, उत्तरेतील राजकारण, सरदारांमधील बेबनाव यांपैकी कशाचाच हिशेब द्यावा लागत नाही. पेंटबॉलच्या इतिहासात भाऊंची जागा मंदीला मिळाली आहे. भाऊंची बाजू मांडायला निदान इतिहासकार तरी पुढे आले. मंदीची वकिली करायला कोण येणार?

३/
ज्यांचा या खेळाशी संबंध लोणावळ्याकडच्या एखाद्या पार्कातील ऑफिसच्या सहलीपुरता आला असेल, त्यांच्यासाठी थोडे प्रास्ताविक. तेथे भाड्याचा मुखवटा, भाड्याचे मार्कर आणि मोजून दिलेल्या गोळ्या मिळतात. गोळ्या संपल्या की खेळ संपला; पुढे खेळायचे तर आणखी पैसे. स्पर्धेचे पेंटबॉल ही निराळी सृष्टी आहे. हवेने फुगवलेल्या बंकरांचे आखीव मैदान, दोन्ही टोकांना पाच-पाच खेळाडू, संकेत होताच आडोशाकडे घेतलेली झेप, आणि अंगावर एक गोळी फुटली की तो खेळाडू बाद. एखादा डाव अर्ध्या मिनिटातही उरकतो. फ्लोरिडातील वर्ल्ड कप हा या मंडळींचा वार्षिक मेळा. लॉस एंजेलिस आयर्नमेन, सॅन दिएगो डायनेस्टी, मॉस्कोचा रशियन लीजन ही त्यातील नामांकित घराणी.

लोणावळ्यातील मोजून दिलेल्या गोळ्या तेवढ्या लक्षात ठेवाव्यात.

४/
आता आरंभ. २७ जून १९८१, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर हे गाव. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणारा हेज नोएल आणि लेखक चार्ल्स गेन्स या दोन मित्रांत एक जुना वाद होता : शहरात डावपेच लढवून तगलेला माणूस जंगलातही तगेल का, की तेथे रानात वाढलेलाच वरचढ ठरेल? वादाचा निकाल लावण्यासाठी स्कीचे दुकान चालवणाऱ्या बॉब गर्न्सीने नियम बसवले आणि बारा जण रानात उतरले. प्रत्येक जण स्वतंत्र, संघ नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले झेंडे गोळा करायचे आणि अंगावर रंग न लागू देता बाहेर पडायचे.

५/
हातातील साधन होते नेल्स्पॉट ००७. नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझीने बनवलेले हे पिस्तूल सैन्यासाठी नव्हते आणि खेळासाठीही नव्हते. तोडायच्या झाडांवर दुरून खूण करणे, कळपातील एखादे जनावर ओळखू यावे म्हणून त्याच्यावर रंगाचा ठिपका उमटवणे, ही त्याची कामे. रंग तेलाचा असल्यामुळे खेळून झाल्यावर तो टर्पेंटाइनने काढावा लागे. गोळी तयार होत असे ती आर. पी. शेरर या कंपनीच्या तंत्राने. म्हणजे माशाच्या तेलाच्या पिवळ्या, मऊ कॅप्सूल ज्या यंत्रावर निघतात त्याच जातीच्या यंत्रावर. आत तेलाऐवजी रंग, एवढाच फरक. पेंटबॉल हे लष्कराचे अपत्य आहे असे जे अधूनमधून ऐकू येते त्याचे मूळ यात कोठेही सापडत नाही. त्याचे आईबाप वनखाते आणि औषधनिर्मिती.

६/
जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा वनकर्मी. त्याने झाडांच्या आडोशाने सारे झेंडे गोळा केले आणि तो निघून गेला. संपूर्ण खेळात त्याने एकही गोळी झाडली नाही.

ही गोष्ट गमतीची म्हणून प्रत्येक ठिकाणी सांगितली जाते. तिच्याकडे आर्थिक नोंद म्हणून पाहावे. या खेळाच्या पहिल्या विजेत्याचा गोळ्यांचा खर्च शून्य होता. पुढील पंचवीस वर्षांत खेळाचे नियम असे बदलत गेले की त्या पद्धतीने जिंकणे अशक्य व्हावे. ते बदल कोणी केले आणि गोळ्या कोण विकत होते, हे दोन प्रश्न एकत्र विचारले की मंदीची गोष्ट डळमळू लागते.

७/
गर्न्सीने लवकरच नॅशनल सर्व्हायव्हल गेम या नावाने व्यवसाय उभा केला. नेल्सन कंपनीशी करार, ठिकठिकाणी मैदानांना परवाने, पिस्तूल-चष्मा-नियम एकत्र बांधलेला संच. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे पहिले व्यावसायिक मैदान सुरू झाले. १९८३ मध्ये पहिले अजिंक्यपद; बक्षिसांची रक्कम १४,००० डॉलर. येथे एक साधी गोष्ट नोंदवून पुढे जावे : स्पर्धा भरवणारा आणि सामान विकणारा हे पहिल्या दिवसापासून एकच होते. फुटबॉलची संघटना चेंडू विकून जगत नाही. पेंटबॉलची संघटना चेंडू विकूनच जन्माला आली.

८/
शस्त्रस्पर्धेचा क्रम थोडक्यात असा. नेल्स्पॉटमध्ये प्रत्येक गोळीआधी खिट्टी मागे ओढावी लागे, पिस्तूल तिरके करून पुढची गोळी जागेवर आणावी लागे. मग पंप आले. मग बारा ग्रॅमच्या वायूच्या नळकांड्याऐवजी मोठी टाकी आली. त्यानंतर आला इंडियानातील टिपमन. या घराण्याचा मूळ धंदा ब्राउनिंग मशीनगनच्या अर्ध्या आकाराच्या, चालू प्रतिकृती बनवण्याचा. १९८६ च्या कायद्याने नागरिकांना नव्या मशीनगन विकण्याला बंदी झाली आणि टिपमन पेंटबॉलकडे वळले. त्यांच्या पहिल्या मार्करांपैकी एसएमजी-६० हे पूर्ण स्वयंचलित होते. (लष्करी वारसा शोधायचाच असेल तर तो हेनिकरच्या रानात नाही, येथे आहे. मशीनगनवर बंदी आली, आणि तिची कारागिरी रंगाच्या गोळ्यांत शिरली.) १९९० च्या आसपास अर्धस्वयंचलित मार्कर रूढ झाले. १९९६ मध्ये स्मार्ट पार्ट्सचे शॉकर आले, पाठोपाठ इंग्लंडच्या डब्ल्यूडीपी कंपनीचे एंजल. घोड्याची जागा विजेच्या कळीने घेतली. आता वेगाला बोटाची मर्यादा उरली नाही. ती मंडलावर लिहिलेल्या आज्ञावलीची झाली.

९/
त्याच सुमारास खेळ रानातून बाहेर आला. फ्रान्समधून आलेल्या फुगवलेल्या बंकरांनी मैदान सपाट, सममित आणि प्रेक्षकांना दिसेल असे केले. हा बदल चांगला होता, हे मान्य करण्यात कंजुषी नको. लपाछपीचा खेळ प्रेक्षणीय झाला तो यामुळेच. परंतु रानात दडून राहणाऱ्याला जी किंमत होती ती येथे संपली. सपाट मैदानावर जागा जिंकायची तर समोरच्याला आडोशामागे दाबून ठेवावे लागते, आणि दाबून ठेवायचे तर अखंड मारा करावा लागतो. सुटणाऱ्या बहुतेक गोळ्या कोणाला लागण्यासाठी नसतातच. त्या समोरच्याने डोके वर काढू नये म्हणून असतात.

१०/
आता थोडा हिशेब. गोळ्यांच्या एका पेटीत २,००० गोळ्या. २००५ च्या सुमारास पीएसपी या मालिकेने 'रॅम्पिंग'ला मान्यता दिली. म्हणजे खेळाडूने कळ ठरावीक वेगाने दाबत राहावे, उरलेले काम मार्करच्या मंडलाने करावे. कमाल मर्यादा सेकंदाला १५ गोळ्या.

एक खेळाडू सलग मारा करत राहिला तर पेटी संपते २ मिनिटे १३ सेकंदांत. पाचही जण एकदम झाडू लागले तर सत्तावीस सेकंदांत.

अर्थात कोणीही सलग झाडत नाही. पण त्या काळच्या एक्स-बॉल प्रकारात सामना पंचवीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असे आणि डावामागून डाव होत. संघाच्या विश्रांतीच्या जागेत खेळाडूंपेक्षा गोळ्यांचे डबे भरणारी मुले अधिक धावपळ करत असत. ज्या खेळात पाणी देणाऱ्यापेक्षा दारूगोळा भरणाऱ्याची गरज जास्त, त्याचे अर्थकारण कोठे झुकले आहे हे कळण्यासाठी ताळेबंदाची गरज नाही.

११/
रॅम्पिंगच्या समर्थकांचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. त्याआधी मंडलात छुपी आज्ञावली घालून फसवणूक सर्रास चालत असे. एकदा दाबावे आणि तीन सुटाव्यात. पंचांना ती पकडता येत नव्हती. म्हणून सर्वांना समान मर्यादा देऊन टाकली तर खेळ निदान सरळ होईल, हा युक्तिवाद. तो निरर्थक नव्हता. पण मर्यादा पंधरा का? सहा का नाही, आठ का नाही? फसवणूक थांबवण्यासाठी वेग कमी करूनही चालले असते. मर्यादा ठरवली गेली ती त्या वेळी शक्य असलेल्या वेगाच्या शेजारी. चोरी थांबत नाही म्हणून चोरीचा भाव अधिकृत करावा, तसे झाले.

१२/
आणि गोळ्यांचे पैसे कोण देत होते? नामवंत संघांना गोळ्या प्रायोजकांकडून मिळत. खालच्या श्रेणीतील शेकडो हौशी संघ मात्र प्रवास, प्रवेशशुल्क आणि गोळ्या हे तिन्ही खिशातून भरत. स्पर्धेच्या मैदानावर बाहेरून गोळ्या आणण्यास बहुधा मनाई. तेथेच, तेथील विक्रेत्याकडूनच घ्यायच्या. म्हणजे व्यावसायिकांच्या अंगणात उडणारा रंग मागच्या मैदानावर खेळणाऱ्या महाविद्यालयीन पोरांच्या पैशातून येत होता. देवळाचा कळस सोन्याचा आणि पाया उसनवारीचा. या पोरांनी खेळ सोडला तर कळस किती दिवस टिकणार, हा प्रश्न २००५ मध्येही विचारता आला असता. त्यासाठी लेहमन ब्रदर्स बुडण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

१३/
२००५ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. स्मार्ट पार्ट्सने त्या वर्षी आयन हे मार्कर ३०० डॉलरच्या आत आणले. तोवर विजेवर चालणारे मार्कर हे स्पर्धकांचे महागडे साधन होते. आता ते शाळकरी मुलाच्या आवाक्यात आले. लोकशाहीकरण म्हणून याचे कौतुक झाले. परिणाम काय झाला? शनिवारी पहिल्यांदाच मैदानावर आलेला मुलगा भाड्याचे साधे मार्कर घेऊन उभा राहतो आणि समोरून सेकंदाला दहा-बारा गोळ्या येतात. त्याला नियम समजण्याआधी पाठीवर पाच-सहा निळे वळ उठतात. हा मुलगा पुन्हा येत नाही. त्याची नोंद कोणत्याही लीगच्या वहीत नसते. इतिहासात सर्वांत अवघड काम असते ते अशा न आलेल्या माणसांची गणती करण्याचे, आणि पडझडीचा इतिहास लिहिताना तेच सर्वांत आवश्यक असते.

१४/
आता लीगांची भाऊबंदकी. नॅशनल प्रोफेशनल पेंटबॉल लीग, म्हणजे एनपीपीएल, ही १९९० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिली; वर्ल्ड कपसह मोठ्या स्पर्धांचे आयोजन पीएसपीकडे. २००३ पासून दोघांच्या चुली वेगळ्या. एकीकडे सात-सात जणांचा खेळ, एका दाबाला एक गोळी, हंटिंग्टन बीचच्या वाळूवर मैदान. दुसरीकडे एक्स-बॉल. एकाच देशात, एकाच वर्षी, दोन राष्ट्रीय मालिका. दोन नियमावल्या, दोन क्रमवाऱ्या, दोन अजिंक्यपदे.

ज्या संघाला मान हवा त्याने दोन्हीकडे खेळायचे. ज्या कंपनीला जाहिरात हवी तिने दोन्हीकडे मंडप टाकायचा. खर्च दुप्पट, प्रेक्षक तेवढेच. दूरचित्रवाणीशी बोलणी करणाऱ्याला प्रश्न पडावा की नेमका कोणता खेळ दाखवायचा. घाशीराम कोतवालाच्या काळातील पुण्यातही एकाच पेठेत दोन कोतवाल नव्हते.

१५/
आणि सर्वांत कडू प्रकरण पेटंटांचे. स्मार्ट पार्ट्सचे गार्डनर बंधू स्वतः या खेळातून वर आलेले. ऑल अमेरिकन्स हा गाजलेला संघ त्यांच्याच छत्राखालचा. विजेवर चालणाऱ्या मार्करांच्या मूलतत्त्वावर आपले पेटंट आहे, अशी भूमिका घेऊन कंपनीने २००० नंतरच्या वर्षांत एकामागून एक उत्पादकांना न्यायालयात खेचले किंवा परवानाशुल्काच्या करारांवर आणले. डब्ल्यूडीपीसारख्या कंपन्या त्यात ओढल्या गेल्या. लहान कारखाने, जे दोन-चार कारागिरांच्या कल्पकतेवर चालत, त्यांच्यासाठी खटला हरणे दूरच, खटला लढणेच परवडणारे नव्हते. खेळाडूंच्या एका मोठ्या गटाने कंपनीवर बहिष्काराची भाषा सुरू केली. पेटंट कायदेशीर होते की नाही हा वेगळा प्रश्न. कायद्याने मिळालेला हक्क बजावणे गैर नव्हे, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या उद्योगाचा नफा वकिलांकडे वाहत होता, तो उद्योग त्या काळात तंदुरुस्त होता असे म्हणणे कठीण. स्मार्ट पार्ट्स २०१० मध्ये बंद पडली. तिच्याही मृत्युपत्रावर मंदीचेच नाव लिहिले जाते.

१६/
मंदीआधीचा आणखी एक पुरावा. पीएमआय आणि नॅशनल पेंटबॉल सप्लाय हे अमेरिकेतील दोन बलाढ्य वितरक. वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी. २००६ च्या अखेरीस ते एकत्र येऊन केईई अॅक्शन स्पोर्ट्स झाले. कट्टर वैरी एकाच छपराखाली येतात ते बहुधा पाऊस सुरू झाल्यावर. शेअर बाजार कोसळायला तेव्हा जवळपास दोन वर्षे बाकी होती.

१७/
आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. २००८ चा हंगाम संपता संपता एनपीपीएल चालवणारी कंपनी बुडाली, लीग बंद पडली. पुढील वर्षी ती नव्या मालकीखाली पुन्हा उभी करावी लागली. तारखा इतक्या चोख जुळतात की मंदीशी संबंध नाही असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तसे येथे म्हणायचेही नाही. मंदीने धक्का दिला, हे खरे. प्रश्न असा की धक्क्याने कोण पडले आणि कोण उभे राहिले.

१८/
कारण त्याच देशात, त्याच मंदीत, पेंटबॉलचेच एक भावंड फारसे डगमगले नाही. पेनसिल्व्हेनियातील स्कर्मिश या मैदानावर दर उन्हाळ्यात 'इन्व्हेजन ऑफ नॉर्मंडी' हा रानातला महाखेळ होतो. हजारो लोक दोन बाजूंनी उतरतात. ओक्लाहोमा डी-डे हाही तसाच प्रचंड मेळा. हे दोन्ही २००८ नंतरही भरत राहिले. तेथे येणारे काही वेगळ्या अमेरिकेत राहत नव्हते. त्यांच्याही नोकऱ्या जात होत्या, घरांचे हप्ते थकत होते. फरक खेळाच्या बांधणीत होता. रानात झाडाआड बसलेला माणूस शंभर-दोनशे गोळ्यांत दुपार काढू शकतो. वर्षातून एकदा यायचे, कुटुंबासह तंबू ठोकायचा, परतायचे. मंदी दोघांच्याही दारात आली. पाहुणी होऊन एकाकडून गेली आणि दुसऱ्याच्या घरात सावकार होऊन बसली.

१९/
आरोपीच्या कबुलीइतका चांगला पुरावा नाही, आणि ती कबुली नियमावलीत आहे. पडझडीनंतर पीएसपीने काय बदलले? पंचवीस मिनिटांची दोन सत्रे जाऊन 'इतक्या गुणांपर्यंत जो आधी पोहोचेल तो विजयी' ही पद्धत आली, जेणेकरून डाव कमी व्हावेत. माऱ्याची मर्यादा सेकंदाला १५ वरून टप्प्याटप्प्याने साडेदहापर्यंत उतरवली गेली. दोन्ही बदलांचा परिणाम एकच : कमी गोळ्या. आजार बाहेरचा होता, तर औषध नेमके या जागी का लावले?

२०/
येथे दुसरी एक पळवाटही बंद करणे आवश्यक आहे. मंदी नाही तर बदनामी, असे काही जण म्हणतात. हा युद्धाचा खेळ म्हणून समाजाने त्याला नाकारले. या म्हणण्याला आधार आहे. मार्च २००९ मध्ये जर्मनीतील विनेंडेन येथे शाळेत झालेल्या गोळीबारानंतर तेथील सरकारने पेंटबॉलवर बंदीचा प्रस्ताव पुढे आणला. टीका झाल्यावर तो मागे पडला. गोळीबार खऱ्या पिस्तुलाने झाला होता, आणि बंदी सुचवली जात होती जिलेटिनच्या गोळीवर. संताप येण्याजोगीच गोष्ट. पण बंदी आली नाही. स्पर्धात्मक मंडळी तर १९९० च्या दशकापासूनच हिरवे-करडे गणवेश टाकून रंगीबेरंगी जर्सीत शिरली होती, 'गन'ऐवजी 'मार्कर' म्हणण्याचा आग्रह धरत होती. प्रतिमा धुण्याचे काम त्यांनी मन लावून केले. हिशेबाची वही मात्र कोणी उघडली नाही.

२१/
मग मंदीची गोष्ट इतकी रुजली कशी? उत्तर साधनांत आहे. या खेळाचा इतिहास कोठे लिहिला गेला? अॅक्शन पर्सुट गेम्ससारख्या मासिकांत, आणि ही मासिके जगत होती मार्कर व गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर. ज्या पानावर नव्या मार्करचे परीक्षण, त्याच्यासमोरच्या पानावर त्याच मार्करची जाहिरात. लीगच्या मंडळावर बसणारे, संघांचे मालक, मासिकांचे जाहिरातदार ही बऱ्याच अंशी एकाच वर्तुळातील माणसे. आयर्नमेनचा खेळाडू डेव्ह 'यंगब्लड' डिहान याने डाय ही कंपनी काढली आणि ती आयर्नमेनचा आधार झाली. यात गैर काही नाही, उलट अशा कारागीर-खेळाडूंनीच हा खेळ घडवला. पण अशा वर्तुळात आपल्याच गोळ्यांच्या खपाविरुद्ध कोण लिहिणार?

पदरी ठेवणाऱ्याच्या अंगणात बसून लिहिलेली ती बखर आहे. बखरी टाकाऊ नसतात. त्यांतील वर्णने जिवंत असतात, माणसे ओळखीची होतात. पण राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना मान दिला तो उगाच नव्हे. धन्याच्या कर्जाचा आकडा बखरीत येत नसतो.

२२/
या सर्वांचे आज काय, असे विचारणाऱ्यांसाठी. २०१५ पासून पीएसपीच्या जागी एनएक्सएल आली. राष्ट्रीय मालिका पुन्हा एकच झाली. म्हणजे बारा वर्षांपूर्वी मोडलेले घर सांधायला मधल्या दोन पिढ्यांचे खेळाडू खर्ची पडले. त्याच वर्षी केईई ही जीआय स्पोर्ट्झ या कॅनेडियन कंपनीने घेतली. आणखी पाच वर्षांनी, २०२० मध्ये, जीआय स्पोर्ट्झने दिवाळखोरीचा मार्ग धरला आणि तिची मालमत्ता कोअर आउटडोअरकडे गेली. मोठ्याने लहानाला गिळायचे, मग त्याहून मोठ्याने त्याला. हा क्रम २००६ पासून अखंड चालू आहे. २०२० च्या पतनाला अर्थातच महामारीचे नाव मिळाले. दहा वर्षांनी होणाऱ्या माहितीपटातील वाक्य आताच लिहून ठेवता येईल : खेळ पुन्हा भरात येत होता, कोविड आला आणि सारे कोसळले.

२३/
दरम्यान एक वेगळी हालचाल खालून झाली, आणि तिची बातमी इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अधिक बारकाईने वाचावी. पंपचे मार्कर पुन्हा बाहेर निघाले. विजेची कळ नसलेल्या यांत्रिक मार्करांवर दहा-दहा जणांचे सामने होऊ लागले. चाळिशी ओलांडलेले जुने खेळाडू त्यासाठी परत आले, आणि एनएक्सएललाही आपल्या स्पर्धांत अशा सामन्यांना जागा द्यावी लागली. बोट जेवढे चालेल तेवढ्याच गोळ्या. जुन्या दिवसांची ओढ म्हणून याकडे पाहणे सोपे आहे. पण केवळ ओढ असती तर जुने गणवेश चढवून छायाचित्रे काढली असती आणि मंडळी घरी गेली असती. ती परत आली कारण रविवारचा खर्च आता झेपत होता. लोणावळ्याच्या पार्कात मॅनेजर गोळ्या मोजून देतो तेव्हा आपण त्याला कंजूष म्हणतो. अमेरिकेतील अनुभवी खेळाडूंनी तीच मोजणी स्वखुशीने, नियम करून, स्वतःवर लादून घेतली आहे.

२४/
हा थ्रेड खोडून काढायचा असेल तर मार्ग सोपा आहे. २००३ ते २००८ या काळात खेळलेल्या खालच्या श्रेणीतील संघांच्या कप्तानांकडे गोळ्यांच्या पावत्या, प्रवेशशुल्काच्या नोंदी, सोडून गेलेल्या खेळाडूंच्या तारखा असतील. माळ्यावरच्या खोक्यांत, जुन्या संगणकांत. त्या एकत्र कराव्यात. बहुतेक संघ २००८ च्या हिवाळ्यानंतर मोडले असे त्यांतून दिसले, तर मंदीची गोष्ट खरी धरावी. ते त्याआधीच, एकेका हंगामात एकेक खेळाडू गमावत मोडले असे दिसले, तर खापर ज्याचे त्याला परत करावे. पेंटबॉलवर शोधनिबंध लिहू पाहणाऱ्या कोणालाही हे काम अजून मोकळे आहे. खोकी मात्र दरवर्षी कमी होत आहेत.